दोनशे वर्षांची वर्गणी

परवा मेसमध्ये चपातीची वाट बघता बघता वाद पेटला. एक जण म्हणाला, "पीडीएफच्या जमान्यात वाचनालयं हवीत कशाला? टाळं लावा सगळ्यांना!" मला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही (नेहमीचंच आहे!). म्हणून आता लिहितेय.

माझं गाव रत्नागिरी. तिथल्या नगर वाचनालयाची स्थापना 1828 ची. महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं सार्वजनिक वाचनालय म्हणून त्याचं नाव घेतात. तेव्हा पेशवाई बुडून जेमतेम दहा वर्षं झाली होती. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघायला अजून चार वर्षं होती. मुंबई विद्यापीठ तर 1857 चं. आणि कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली 1998 मध्ये. म्हणजे आमच्या गावात वाचनालय आधी आलं आणि आगगाडी जवळजवळ 170 वर्षांनी!

पुढे नाशिकला 1840 मध्ये, पुण्याला 1848 मध्ये, कोल्हापूरला 1850 मध्ये अशी वाचनालयं निघाली. पुण्याच्या वाचनालयाचं तेव्हाचं नाव 'नेटिव्ह जनरल लायब्ररी'. कल्पना साहेबाची खरी, पण ती आपल्या लोकांनी आपलीशी केली. 1893 मध्ये ठाण्यात खास मराठी ग्रंथांसाठी संग्रहालय उभं राहिलं.

आता मुद्दा पैशांचा. मद्रासने 1948 मध्ये कायदा करून घरपट्टीबरोबर ग्रंथालय कर बसवला. महाराष्ट्राचा कायदा 1967 मध्ये आला, पण त्यात असा कर नाही. आपल्याकडे वाचनालय चालवतात गावातली माणसं, आपल्या संस्थेमार्फत. सरकार त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग देतं आणि त्याप्रमाणे अनुदान. बाकी भिस्त देणग्यांवर आणि सभासदांच्या वर्गणीवर. म्हणजे दोनशे वर्षांची ही परंपरा शेवटी कुणीतरी दरमहा खिशात हात घालतं म्हणून टिकली आहे.

आणि मी? मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. वाचनालयावरून शेकडो वेळा गेले असेन, पण आत कधी पाऊल टाकलं नाही. 'आपली' लायब्ररी म्हणजे शाळेतली इंग्रजी पुस्तकांची, अशी माझी समजूत! आज मराठी कादंबरी हातात घेतली की दहाव्या पानावर दम लागतो. त्याचं खापर शाळेवर कशाला फोडू? दार उघडं होतं, मीच गेले नाही.

पीडीएफवाल्या मित्राला एवढंच सांगते : पीडीएफ त्यालाच सापडते, ज्याला काय शोधायचं ते आधीच ठाऊक असतं. वाचनालयात न शोधलेलं पुस्तक हाताला लागतं. शिवाय घरी एकच खोली असलेल्या मुलाला अभ्यासाला टेबल आणि पेन्शनर आजोबांना सकाळचा पेपर कुठली पीडीएफ देणार?

2028 मध्ये आमच्या वाचनालयाला दोनशे वर्षं होतील. हार पडतील, भाषणं होतील. 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला आपणही हातात पुस्तक धरून फोटो काढतोच की! पण फोटोने वाचनालय चालत नाही, सभासदाने चालतं.

येत्या सुट्टीत मी वर्गणी भरणार आहे. तुमच्याही गावात एखादं वाचनालय असेल. निदान एकदा आत तरी जाऊन या.

बघा, पटतंय का!