हेलसिंकी ते टार्टू: अंतर फक्त २४५ किलोमीटर, मग विमान परत का फिरलं?

दोन विमानतळांमधलं अंतर फोनवर शोधलं की उत्तर सेकंदात मिळतं. फिनलंडचं हेलसिंकी आणि एस्टोनियाचं टार्टू टाकून बघा. सरळ रेषेत साधारण २४५ किलोमीटर. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि पृथ्वीच्या गोलावरचा सगळ्यात जवळचा मार्ग काढायचा, एवढंच हे गणित.

वेळेचं गणित मात्र वेगळं. या मार्गावरचं एटीआर ७२ विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटरने उडतं. म्हणजे अर्धा तास? नाही. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, वेग कमी करून रांगेत उतरणं, हे सगळं धरून पाऊण तासाच्या वर जातो.

पण २५ आणि २६ एप्रिल २०२४ ला हे गणितही कोलमडलं. दोन्ही दिवशी फिनएअरचं विमान टार्टूला न उतरताच हेलसिंकीला परतलं. कारण जीपीएसमधला अडथळा. मग कंपनीने ही सेवा ३१ मेपर्यंत बंदच ठेवली.

हे घडतं कसं? जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर असतात, त्यामुळे आपल्यापर्यंत येणारा सिग्नल फारच क्षीण असतो. जमिनीवरून त्याच फ्रिक्वेन्सीवर जोरात गोंगाट केला की तो दबून जातो. याला जॅमिंग म्हणतात. खोटा सिग्नल पाठवून चुकीची जागा दाखवली, तर ते स्पूफिंग. बाल्टिक भागातल्या या प्रकारांसाठी एस्टोनियाने रशियाकडे बोट दाखवलं.

आता तुम्ही विचाराल, मग बाकीच्या विमानतळांवर विमानं कशी उतरत होती? कारण बहुतेक मोठ्या विमानतळांवर धावपट्टीशेजारी रेडिओ यंत्रणा असते. ती वैमानिकाला खाली उतरण्याची दिशा आणि उतार दाखवते, तिला जीपीएस लागत नाही. टार्टूला उतरण्याची पद्धत मात्र तेव्हा जीपीएसवरच अवलंबून होती. हवेत असताना सिग्नल गेला तर विमानाकडे दुसरी साधनं असतात. अडचण उतरताना आली.

उपाय काय निघाला? जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांपासूनचं अंतर मोजून उतरण्याची पर्यायी पद्धत तिथे आणली गेली आणि जूनच्या सुरुवातीला विमानं पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात हेलसिंकीहून टॅलिनला उतरायचं आणि पुढे रस्त्याने सुमारे १८५ किलोमीटर, म्हणजे अडीच तास, असा पर्याय होता. आणि हे कुठल्या वर्षी? टार्टू युरोपची सांस्कृतिक राजधानी होती, त्याच वर्षी.

माझ्या मते यातला खरा मुद्दा असा: शहर किती जवळ आहे, हे फक्त किलोमीटरवर ठरत नाही. एक यंत्रणा बंद पडली तर दुसरी तयार आहे का, यावरही ठरतं. नवं तंत्रज्ञान स्वस्त आणि सोयीचं असतं, म्हणून जुनं काढून टाकायचा मोह होतो. टार्टूला ते महिनाभर महागात पडलं.