बंद पाकिटावरची सही

रोख पैशाला स्मरणशक्ती नसते. शंभराची नोट भाजीवाल्याकडून दूधवाल्याकडे जाते, तिथून औषधाच्या दुकानात. पण आधी कुणाच्या खिशात होती, हे ती कुणाला सांगत नाही. खात्याचे तसे नाही. उमेदीची सारी वर्षे बँकेत काढल्यामुळे हे मी जवळून पाहिले आहे. एखाद्याचा खातेउतारा नुसता वाचला, तरी घरातले आजारपण, मुलीच्या लग्नाची तयारी, थकलेले हप्ते, सारे समोर उभे राहते. म्हणूनच नोकरीत रुजू होताना आम्हांला गुप्ततेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागे.

माणसाच्या तोंडाला असे कुलूप घालता येते. यंत्राचे काय? हा प्रश्न डेव्हिड चॉम या अमेरिकी शास्त्रज्ञाला फार लवकर पडला. संगणकावरचे पत्र कुणी कुणाला पाठवले हे टेहळणी करणाऱ्याला कळू नये, याची युक्ती त्यांनी १९८१ मध्ये मांडली. १९८२ मध्ये त्यांनी बर्कली येथे डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी ‘आंधळ्या सही’ची कल्पना पुढे आणली.

ही कल्पना आमच्या काउंटरच्या भाषेत सांगतो. तुम्ही एका कागदावर मनाला येईल तो लांबलचक क्रमांक लिहिलात आणि कार्बन लावलेल्या पाकिटात घालून बँकेत दिलात. बँकेने तुमच्या खात्यातून शंभर रुपये वजा केले आणि पाकीट न उघडता वरूनच शंभराची सही केली. ती आतल्या कागदावर उमटली. घरी येऊन पाकीट फोडा, नोट तयार! दुकानदार ती भरायला येतो तेव्हा बँक सही ओळखते, हा क्रमांक पूर्वी वटलेला नाही ना एवढे पाहते आणि पैसे देते. नोट कुणाला दिली होती, ते मात्र बँकेलाही सांगता येत नाही. चॉम यांनी हे पाकीट आणि हा कार्बन गणिताने घडवला.

यावर कुणी म्हणेल, ही तर काळ्या पैशाची सोय झाली! पण इथे झाकलेला राहतो तो देणारा. घेणाऱ्याला नोट बँकेत भरावीच लागते. म्हणजे लाच घेणाऱ्याला लपायला जागा नाही. शिवाय १९८८ मध्ये चॉम यांनी आमोस फियाट आणि मोनी नाओर यांच्यासह अशी रचना मांडली, की एकच नोट दोनदा चालवणाऱ्याचे नाव आपोआप उघडे पडावे. प्रामाणिकाला पडदा आणि लबाडाला उजेड, असा हा हिशेब.

मग हे चालले का? ॲमस्टरडॅमला चॉम यांनी ‘डिजीकॅश’ ही कंपनी काढली. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या मार्क ट्वेन बँकेने तिचे चलन ग्राहकांना दिले. पण लोकांना क्रेडिट कार्ड पुरेसे वाटले आणि १९९८ मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले. सोयीपुढे गुप्ततेचे मोल कुणी केले नाही.

आपल्याकडे २०१६ मध्ये यूपीआय आले आणि चहाचे दहा रुपयेही नोंदवहीत जाऊन बसले. ही सोय मीही रोज वापरतो. तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. १ डिसेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने सर्वसामान्यांसाठी डिजिटल रुपयाचा प्रयोग सुरू केला. त्याआधीच्या टिपणात लहान व्यवहारांना रोखीसारखी वाजवी अनामिकता देण्याचा विचार होता. विचार चांगला आहे. पण ती अनामिकता कशावर उभी राहणार, हे ग्राहकांनी विचारायला हवे. परिपत्रकाने दिलेली गुप्तता दुसरे परिपत्रक काढून घेते. गणिताने दिलेली गुप्तता साहेब बदलला म्हणून बदलत नाही.

आपल्याकडे लपवण्यासारखे काय आहे, असे पुष्कळजण म्हणतात. पण दुष्काळात गहाण पडलेली पाटली, नवऱ्याला न सांगता माहेरी पाठवलेले पाचशे रुपये, मनाच्या डॉक्टरची फी, यांत गुन्हा कुठे आहे? लाज आणि गुन्हा यांतला फरक माणसाला कळतो, यंत्राला कळत नाही. चॉम यांची कंपनी बुडाली. त्यांचे गणित आजही खरे आहे. ते वापरायचे की नाही, एवढेच ठरवायचे उरले आहे.