मंद्राचें स्थान

मागील खेपेस पितळी भांड्यांच्या कल्हईविषयीं लिहून या खेपेस आम्ही ‘सबवूफर’कडे वळलेले पाहून कित्येक वाचक म्हणतील कीं, गुरुजींना उतारवयांत हें काय सुचलें! हा शब्द आम्हांसही गेल्या दिवाळीपूर्वीं ठाऊक नव्हता. परंतु या वस्तूच्या पायीं आमच्या घरांतील एका वडीलधाऱ्या माणसावर अन्याय झाला, आणि त्या अन्यायांत आमचा वांटा थोडाथोडका नव्हता. म्हणून हें लिहिणें आम्हांस प्राप्त झालें.

दिवाळींत आमच्या पुतण्यानें दिवाणखान्यांत होम थिएटर बसविलें. पूर्वेच्या भिंतीवर मोठा पडदा, चहूंकडे पांच लहान ध्वनिक्षेपक, आणि एक ठेंगणी, काळी, जड पेटी. हीच सबवूफर. या सर्व संचास ‘५.१’ असें म्हणतात. म्हणजे पांच ते पूर्णांक आणि ही बिचारी एक दशांश! मनुष्याच्या कानास सेकंदाला २० पासून २०,००० आंदोलनांपर्यंतचा ध्वनि ऐकूं येतो असें ढोबळ मानानें धरितात. या आंदोलनांस हर्ट्झ म्हणतात. पांच वाहिन्यांना हा सर्व प्रांत मोकळा असतो. सहावीला मात्र १२० हर्ट्झच्या खालचा तेवढा तुकडा नेमून दिलेला, म्हणून ती दशांश. अमेरिकेंत १९७४ सालीं ‘अर्थक्वेक’ नांवाच्या चित्रपटासाठीं, भूकंप प्रेक्षकांच्या अंगांत भिनावा एवढ्यासाठीं चित्रगृहांत मुद्दाम अवाढव्य खर्जक्षेपक नेऊन ठेविले होते. १९९२ सालीं चित्रगृहांत आलेल्या डॉल्बी डिजिटल पद्धतींत खर्जाला अशी स्वतंत्र वाहिनीच दिलेली होती. तीच व्यवस्था आतां मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत येऊन बसली आहे.

दुकानाकडून आलेल्या गृहस्थांनीं पेटी ईशान्येच्या कोपऱ्यांत ठेविली. ईशान्य कोपरा देवाचा, असें आम्ही म्हणून पाहिलें. परंतु तेथें तार दिसत नाहीं, हें त्यांचें प्रमाण अधिक बलवत्तर ठरलें. कोच खोलीच्या बरोबर मध्यावर आला. त्यास मागें सरकावयास जागा नव्हती, कारण मागें आमचें पुस्तकांचें कपाट उभें होतें, आणि तें हलविण्याची गोष्ट काढण्याची या घरांत कोणाची छाती नाहीं.

पहिल्या दिवसापासून पुतण्याची तक्रार अशी कीं, एवढे पैसे मोजून खर्ज म्हणून कांहीं ऐकूंच येत नाहीं. मग पेटीच्या पाठीमागची आवाजाची कळ रोज थोडी थोडी वाढूं लागली.

आतां उत्तरेच्या भिंतीपलीकडची खोली आमच्या वहिनींची. वय एकूणऐंशी. त्यांची खाट त्याच भिंतीला, त्याच कोपऱ्याशीं लागून. एके दिवशीं त्या आम्हांस म्हणाल्या, “भाऊजी, रात्रीं माझ्या छातींत घुमतें हो. कानाला कांहीं नाहीं. पण खाट हंबरल्यासारखी वाटते.” आम्हीं तें पुतण्यास सांगितलें. तो म्हणाला, “काका, समोर बसून मला पुरेसें ऐकूं येत नाहीं, आणि आईला वीटभिंतीपलीकडे घुमतें?” हा युक्तिवाद आम्हांसही बिनतोड वाटला. जन्मभर प्रत्यक्ष, अनुमान, उपमान घोकणारे आम्ही. परंतु प्रत्यक्ष कोणाचें आणि कोठें बसून घेतलेलें, हें विचारावयाचें आम्हांस सुचलें नाहीं. वहिनींना डॉक्टरांकडे नेलें. कान वयाच्या मानानें बरे, हृदय उत्तम. मग घरांतील सर्वांनीं मिळून ठरविलें कीं, भास होतात. वहिनी यावर एक अक्षर बोलल्या नाहींत. एके रात्रीं त्यांनीं आपलें अंथरूण उचलून माजघरांत नेलें. ही गोष्ट आमच्या ध्यानीं येण्यास चार दिवस लागले, हें लिहितांना आजही संकोच वाटतो.

उलगडा झाला तो आमच्या नातीमुळें. ती अकरावींत शास्त्रशाखेंत आहे व तिचा धडा त्या वेळीं तरंगांचा चालला होता. ती म्हणाली, “आजोबा, आपण खोली मोजूं या.” खोली भरली अठरा फूट लांब, बारा फूट रुंद. हवेंत ध्वनि सेकंदाला सुमारें ३४४ मीटर जातो. त्यास खोलीच्या लांबीच्या दुपटीनें भागिलें म्हणजे ३१ हर्ट्झ येतात, आणि रुंदीच्या दुपटीनें भागिलें म्हणजे ४७. या आंदोलनांचा ध्वनि समोरासमोरच्या भिंतींवर आपटून स्वतःच्याच प्रतिध्वनींत मिसळतो आणि खोलींत ठाण मांडून बसतो. अशा तरंगाचा दाब भिंतींशीं सर्वांत अधिक, आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. शास्त्रांत त्या जागेस निस्पंद म्हणतात.

नातीनें यंत्रावर ३१ हर्ट्झचा एकच स्वर लाविला. आम्ही कोचावर बसलों होतों, कांहींच नाहीं. उठून पडद्याच्या भिंतीशीं गेलों तों छाती भरून आली. मागें कपाटाशीं गेलों, तेथेंही तेंच. मग आम्ही दोघें वहिनींच्या खोलींत शिरलों. त्यांच्या खाटेशेजारीं पाण्याचा तांब्या होता, आणि त्यावर पालथें घातलेलें फुलपात्र किणकिण वाजत होतें.

म्हणजे घरांत ज्या एका जागीं खर्ज पोंचत नव्हता, तेथें बसून आम्ही सर्व न्याय देत होतों. आणि त्या जागीं ऐकूं येईना म्हणून कळ वाढविली कीं निस्पंदावर फरक पडे नाममात्र, बाकीच्या सर्व जागीं मात्र धुमाकूळ. कोपऱ्यांत तर दोन भिंती आणि जमीन एकत्र मिळतात, म्हणून तेथील पेटी खोलींतील झाडून साऱ्या तरंगांना चेतविते. वीटभिंत माणसाचें बोलणें अडविते. खर्जाला ती तितकी दाद लागूं देत नाहीं. राहिला प्रश्न कानाचा. फ्लेचर आणि मन्सन या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९३३ सालींच दाखवून दिलें आहे कीं, आपला कान मंद्र ध्वनीविषयीं फार बधिर असतो. मध्यम स्वराइतका तो ऐकूं यावयाचा तर त्याचें बळ कितीतरी अधिक लागतें. तेव्हां कानास कळण्यापूर्वीं खाटेस आणि फुलपात्रास कळलें, यांत नवल तें काय? देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत ‘संगीतरत्नाकरां’त मंद्राचें स्थान हृदय, मध्याचें कंठ आणि ताराचें मस्तक असें सांगून ठेविलें आहे. हें आम्हीं वर्गांत किती वेळां सांगितलें असेल! आणि वहिनी ‘छातींत घुमतें’ म्हणाल्या तेव्हां आम्हीं त्यांना हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलें.

त्याच संध्याकाळीं कपाट हललें. पुस्तकें काढून कपाट व्हरांड्यांत नेण्यास चौघे लागले. कोच तीन फूट मागें गेला, म्हणजे पडद्यापासून बारा फुटांवर, लांबीच्या दोन तृतीयांशावर. मग पेटीची जागा. यासाठीं जाणत्या लोकांनीं एक गमतीची युक्ति काढिली आहे. पेटी आपण बसतों त्या जागीं, म्हणजे कोचावरच, ठेवावयाची. खर्जाचें एखादें संगीत लावावयाचें. आणि आपण भिंतीच्या कडेकडेनें रांगत जावयाचें. जेथें खर्ज फुगलेला नाहीं आणि पोकळही नाहीं, सर्व स्वर सारखे ऐकूं येतात, तेथें पेटी ठेवावी. कारण दोन जागांमध्यें ऐकणारा आणि ऐकविणारा यांची अदलाबदल केली तरी फळ तेंच येतें. नातीनें रांगण्याचा मान आम्हांस दिला. धोतराचा काचा मारून आम्ही कोपऱ्यांतून निघालों, तोंच शेजारचे गृहस्थ वर्तमानपत्र मागावयास दारांत आले. ते कांहीं बोलले नाहींत. वर्तमानपत्र न घेतांच गेले.

कोपऱ्यांत नुसता घुमारा होता. पडद्याखालीं, भिंतीच्या मध्यावर आलों तों स्वर सुटे सुटे ऐकूं आले. कारण उघड आहे. रुंदीच्या तरंगाचें निस्पंद तेथें येतें, म्हणून तो तरंग तेथून चेततच नाहीं; झोपाळ्याची कडी धरून ढकललें तर झोका चढत नाहीं, तसें. आणि उत्तरेच्या भिंतीवर जाऊन आदळणारा तरंग तोच होता. पेटी तेथें ठेविली, खालीं रबराची जाड चकती घातली.

पुढची जुळवाजुळव फारशी अवघड नाहीं. रिसीव्हरला आपले पांच क्षेपक ‘लहान’ आहेत असें सांगावें, म्हणजे खर्ज तो पेटीकडे वळवितो. ही सीमा बहुधा ८० हर्ट्झवर ठेवितात. काळी एक पट्टींत लाविलेल्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास बोलते. म्हणजे तिचा मूळ स्वर पेटींतून येतो, आणि त्यावरचे झंकारणारे स्वर क्षेपकांतून. पेटीवर सीमेची निराळी कळ असल्यास ती शेवटपर्यंत वर नेऊन ठेवावी, नाहींतर एकाच दुधाला दोन गाळण्या लागतात. फेजची कळ शून्यावर आणि १८० वर आलटून पालटून पाहावी. कोचावर ज्या बाजूस स्वर भरीव लागेल ती खरी. हें एकट्यानें करूं नये. एकानें बसावें, दुसऱ्यानें कळ फिरवावी. हल्लीं रिसीव्हरबरोबर माप घेणारा मायक्रोफोनही मिळतो आणि तो उपयोगी आहे. पण यंत्र माप घेतें, कोच सरकवीत नाहीं.

आवाजाची कळ मात्र आम्हीं मायक्रोफोनवर सोडली नाहीं. वहिनींना हात धरून त्यांच्या खोलींत नेऊन खाटेवर बसविलें, आणि पुतण्यास सांगितलें कीं, आंतून आई ‘आलें’ म्हणेपर्यंत कळ वाढीव आणि तेथून थोडी मागें घे. तो कांहीं क्षण तसाच उभा राहिला. मग आंत जाऊन आईच्या पायांशीं बसला. काय बोलला तें आम्हीं ऐकलें नाहीं. कळ फिरविण्याचें काम नातीनें केलें. पूर्वीं ती तीन चतुर्थांशाच्या पुढें होती. आतां एक तृतीयांशाच्याही अलीकडे थांबली, आणि कोचावर खर्ज पूर्वींपेक्षां दुप्पट लागतो असें पुतणेच सांगतात.

वहिनींचें अंथरूण परत आलें. आम्हीं त्यांच्यापाशीं आमच्या अपराधाची गोष्ट काढिली, तेव्हां त्या म्हणाल्या, “तें राहूं द्या भाऊजी, आधीं तीं पुस्तकें घरांत घ्या, वाळवी लागेल.” कपाट अद्याप व्हरांड्यांतच आहे. मृगापूर्वीं त्यास जागा पाहिली पाहिजे.