मशीन भाड्याने देताय? काठावरचा तो एक तास आधी द्या



चाकूरच्या माणसाने बोटीवर लिहायचं म्हणजे लोक हसणारच. ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं, तिथला माणूस कालव्यातल्या सुट्टीचं काय सांगणार! पण आज तेच सांगतो. तुमच्यातले निम्मे जण काही ना काही भाड्याने द्यायचा विचार करताय. कुणी पॉवर विडर, कुणी फवारणीचा पंप, कुणी साऊंड सिस्टीम. माझं मत आधीच सांगून टाकतो: आपण भाड्याचा धंदा अर्धाच शिकतो, आणि मीही तुम्हाला तो अर्धाच शिकवला.

पुतण्या बर्मिंगहॅमला नोकरीला आहे. त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने चार दिवसांसाठी एक नॅरोबोट भाड्याने घेतली. मला वाटलं, केरळात आलप्पुळाला असते तशी असेल. तिथे हाऊसबोट घेतली की चालक आणि स्वयंपाकी बोटीसोबतच येतात, आपण नुसतं बसायचं. इथे विचारलं, "ड्रायव्हर कुठाय?" पुतण्या म्हणाला, "काका, आपणच."

साठेक फूट लांब लोखंडी बोट. रुंदी सात फुटांच्या आत, कारण लॉकच तेवढे अरुंद. आणि लायसन्स कुणी विचारलंच नाही! तिकडे सुट्टीसाठी भाड्याने बोट घेणाऱ्याला ते लागतच नाही. मग हे लोक एवढी महागडी वस्तू अनोळखी माणसाच्या हातात देतात तरी कशी?

तर अशी: बोट देण्याआधी एक माणूस तासभर आमच्यासोबत होता. त्याने कागद वाचून दाखवला नाही. आधी स्वतः करून दाखवलं, मग आमच्याकडून करून घेतलं. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोटीचं तोंड उजवीकडे जातं. आपल्या डोक्यात मोटारसायकल असते, त्यामुळे पहिल्या दोन वळणांना मी बोट सरळ झुडपात घातली. ब्रेक नाही. थांबायचं तर उलटा गिअर टाकायचा आणि वाट बघायची. पंखा फिरायचा थांबला की सुकाणूही जवळपास निकामी. आणि बोट मध्यावर वळते, म्हणजे तोंड एका बाजूला गेलं की मागची बाजू दुसऱ्या काठाला घासते. बैलगाडीवाल्याला हे पटकन कळलं नसतं, मला तर अजिबात कळलं नाही. तो हसला नाही. पहिल्या पुलापर्यंत बोटीवरच राहिला, मग उतरून चालत परत गेला.

वेगाची मर्यादा ताशी 4 मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटरच्या आत. काठाला बांधलेल्या बोटी दिसल्या की त्याहून हळू, नाहीतर आपल्या लाटेने त्यांचे दोर सुटतात. इंग्लंडच्या एल्समियरहून निघून वेल्समधल्या लँगोलनला जायचं होतं. आपल्याकडे मोटारसायकलवर एका सकाळचं काम. आम्हाला दोन दिवस लागले.

वाटेत दोन लॉक लागतात. लॉक म्हणजे पाण्याची लिफ्ट समजा. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, हाताच्या पान्याने झडपा उघडून पाणी भरायचं, बोट वर येते. वीज नाही, नोकर नाही, सगळं आपल्या हातानेच. पण खाली उतरताना एक धोका असतो. मागच्या दाराखाली दगडी उंबरा असतो. बोटीची मागची बाजू त्यावर अडकली आणि पाणी खाली जात राहिलं, तर बोट पुढून बुडू शकते. म्हणून लॉकच्या भिंतीवर पांढरी रेघ मारलेली असते. त्या माणसाने बाकी सगळं एकदा सांगितलं, ही रेघ तीनदा सांगितली. माझ्या बायकोला मशीन म्हटलं की टेन्शन येतं, पण परतीच्या वेळी काठावरून "रेघेच्या पुढे या, रेघेच्या पुढे!" असं ओरडत होती तीच.

पुढे पॉन्टकसल्टेचा जलसेतू. 1805 साली बांधलेला, 307 मीटर लांब, जमिनीपासून 38 मीटर उंच. लोखंडी पन्हाळीतून कालवा दरीवरून जातो. एका बाजूला पायवाट आणि कठडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मी खाली बघितलं नाही, खोटं कशाला बोलू. लँगोलनच्या अलीकडे कालवा इतका अरुंद होतो की समोरून बोट आली तर जागाच नाही. मग एकाने उतरून पायी पुढे जायचं, रस्ता मोकळा आहे का बघायचं आणि मागच्याला हात करायचा. सूनबाई गेली. हे सगळं त्या तासात शिकवलं होतं म्हणून जमलं.

आणि हा कालवा टिकला कसा? रेल्वेने मालवाहतूक खाल्ली, 1944 च्या कायद्याने बोटींसाठी तो बंदही झाला. पण त्यातून पिण्याचं पाणी जायचं म्हणून कुणी बुजवला नाही. पुढे सुट्टीच्या बोटी आल्या. लातूरकराला याचं मोल वेगळं सांगायला नको.

आता मुद्द्यावर येतो. माझ्या वर्गातल्या एका पोराने, गाव आपल्याच तालुक्यातलं, कर्ज काढून तीन पॉवर विडर घेतले. सल्ला माझाच होता. "तीन घे, रोजाने दे, हप्ता आपोआप निघतो," असं मी फळ्यावर मांडून दिलं होतं. हिशोब बरोबरच होता. दुसऱ्या महिन्यात एकाने पाती फिरत असतानाच मशीन रिव्हर्सला घेतलं आणि पायावर आलं. जीव वाचला, पण पाय महिनोन् महिने प्लास्टरमध्ये. दवाखान्याचा खर्च पोराने दिला, धंदा बंद पडला, हप्ते चालूच. तो मला एवढंच म्हणाला, "सर, तुम्ही भाडं किती घ्यायचं ते शिकवलं. मशीन हातात कसं द्यायचं ते नाही शिकवलं."

मला उत्तर देता आलं नाही. ते मिळालं त्या कालव्यावर.

तुम्ही म्हणाल, खुरपणीच्या घाईत गिऱ्हाईक तासभर थांबतंय का? दुसऱ्याकडे जाईल. काही जातील, खरंय. जाऊ द्या. तो तास फुकट देऊ नका, भाड्यात धरा. तीनशे घेत असाल तर साडेतीनशे सांगा आणि का ते तोंडावर सांगा. बांधावर जाऊन आधी तुम्ही चालवा, मग त्याला चालवायला लावा, एक ओळ संपेपर्यंत सोबत राहा. ज्याला शिकायचंच नाही त्याला मशीन चालकासकट द्या, केरळासारखं, आणि चालकाची मजुरी वेगळी लावा. हे दोन्ही धंदे चालतात. नुसतं डिपॉझिट घेऊन किल्ली देणं, हा तिसरा प्रकार मात्र मी यापुढे कुणाला शिकवणार नाही. डिपॉझिटने पाती बदलता येतात, पाय नाही.

मागच्या आठवड्यात त्या पोराकडे गेलो होतो. दोन मशीन विकली, एक ठेवलंय. रिव्हर्सच्या दांड्याला त्याने पांढरा रंग दिलाय. मला आधी पाती थांबवायला लावली, मग दांड्याला हात लावू दिला.