पेढीवरचा पांढरा पडदा

गेल्या पर्युषणानंतरची गोष्ट आहे. आमच्या बमरोलीच्या पेढीवर एक जुने गिऱ्हाईक आले, पोत्यांच्या थप्पीला वळसा घालून मेहताजींच्या पाठीशी उभे राहिले आणि काही वेळाने हलक्या आवाजात आम्हांस म्हणाले, "शेठजी, मेहताजींची प्रकृती ठीक आहे ना? कोऱ्या पडद्याकडे पाहून भराभर लिहिताहेत, आणि तेही काळा चष्मा लावून." आम्हांस हसू आवरेना. पडदा कोरा नव्हता. त्यावर त्या दिवसाची कीर्द होती, आणि ती केवळ मेहताजींनाच दिसत होती.

ही करामत आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांची. त्यांनी घरातील एका जुन्या मॉनिटरच्या काचेवरील पापुद्रा सोलून काढला, तोच कापून चष्म्यात बसविला, व पडदा असा करून दिला की इतरांस तो पांढराशुभ्र दिसावा आणि चष्मेवाल्यास अक्षरे दिसावीत. हा खेळ मुलांचा म्हणून सोडून देता आला असता. परंतु त्यामागे एक प्रश्न आहे व तो आपल्या सर्व सभासदांच्या गादीवरचा आहे, म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

आमच्या वडिलांच्या काळी चोपडी मुनीमजींच्या मांडीवर आडवी असे. लाल बासनातून निघे, लिहून झाली की बासनात जाई. समोर बसलेल्या माणसास ती उलटी दिसे, आणि त्यातले वळण असे की शेजारच्या पेढीवरील मुनीमासही ते चटकन लागू नये. गुप्तता राखण्यासाठी कोणी वेगळे काही करीत नसे. ती चोपडीच्या घडणीतच होती. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि आमच्यासारख्या मॅट्रिक झालेल्या म्हाताऱ्यांनाही संगणक घेणे भाग पडले. आडवी चोपडी गेली आणि उभा पडदा आला. हा फरक आम्ही त्या वेळी ध्यानी घेतला नाही. उभी वस्तू सर्वांकडे तोंड करून असते.

त्याची किंमत कोणी मोजली ते सांगितले पाहिजे. २०२० च्या टाळेबंदीत आपल्या भागातील यंत्रमाग बंद पडले, कारागीर गावोगाव निघून गेले, आणि पांडेसरा, बमरोली, उधना या पट्ट्यातील किरकोळ दुकानदारांची उधारी लोकांबरोबरच गावी गेली. आमच्याकडून ज्वारी, बाजरी व तूरडाळ नेणारे एक खानदेशी दुकानदार होते. माणूस सचोटीचा, येणे थकले ते परिस्थितीमुळे, नियतीमुळे नव्हे. पुढील वर्षी एके दिवशी मेहताजींनी त्यांचे खाते पडद्यावर उघडले आणि कोणाचा तरी दूरध्वनी आला म्हणून ते तसेच ठेवून उठले. मागे दुसरे तिघे गिऱ्हाईक उभे होते. आकडा मोठा होता, नाव ठळक होते. आठवड्याच्या आत तो आकडा बाजारात फिरला, आणि फिरता फिरता वाढला. दोन घाऊक पेढ्यांनी त्यांस उधार देणे बंद केले. दिवाळीच्या आधी त्यांच्या दुकानाचे शटर उतरले ते पुन्हा वर गेले नाही. आम्ही त्यांची बाकी सोडून दिली. परंतु बाकी हा त्यांच्या दुःखाचा विषयच नव्हता. आमच्या पेढीवरून त्यांची अब्रू गेली, व ती परत करावयास आमच्याजवळ काही नव्हते.

आपल्या धर्मात या दोषास नाव आहे. तत्त्वार्थसूत्र श्वेतांबर व दिगंबर या उभय परंपरांस मान्य आहे. त्यात सत्याणुव्रताचे अतिचार गणताना खोटा लेख करणे, म्हणजे कूटलेखक्रिया, हा जसा दोष मानला, तसाच दुसऱ्याचे गुह्य उघडे करणे हाही मानला आहे. त्यास रहोभ्याख्यान म्हणतात. खोटे लिहू नये हे आपण मुलांस शिकवितो. खरे लिहिलेले सुद्धा चारचौघांत उघडे टाकू नये, हे शिकविण्याचे मात्र राहून जाते. संसदेने २०२३ साली लोकांच्या संगणकावरील खाजगी माहितीच्या रक्षणासाठी कायदा केला. कायद्याचे काम कायदा करील. श्रावकास त्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते.

आता त्या पडद्याची युक्ती. आमच्या पुतण्याने आम्हांस समजावून दिली तशी सांगतो. मॉनिटरच्या पाठीमागे दिवा असतो व तो सतत जळत असतो. दिव्यापुढे एक पातळ पापुद्रा असतो. तो प्रकाशाची एकाच दिशेतील कंपने पुढे जाऊ देतो, जशी गजांच्या खिडकीतून उभी धरलेली काठी जाते व आडवी अडते. त्यापुढे दोन काचांमध्ये द्रवस्फटिकाचा थर असतो. विजेच्या कमीअधिक दाबाने तो त्या कंपनांची दिशा जागोजाग फिरवितो. सर्वांत पुढे दुसरा पापुद्रा असतो. जेथे दिशा जुळते तेथे तो प्रकाश सोडतो, जुळत नाही तेथे अडवितो, आणि त्यातून काळी-पांढरी अक्षरे उमटतात. हा दुसरा पापुद्रा काढून टाकला की सर्वच प्रकाश बाहेर येतो. अक्षरे त्या प्रकाशात असतातच, पण कंपनाची दिशा आपला डोळा ओळखीत नाही, म्हणून सर्व पांढरे दिसते. काढलेला पापुद्रा डोळ्यांपुढे धरला की चित्र पुन्हा उभे राहते.

द्रवस्फटिकाचा शोध १८८८ साली रायनित्झर नावाच्या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञास लागला. आपल्या देशाचाही यात वाटा आहे, याचा आम्हांस विशेष आनंद झाला. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे भाचे एस. चंद्रशेखर यांनी १९७७ साली बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेत तबकडीच्या आकाराच्या रेणूंचेही द्रवस्फटिक होतात हे दाखवून दिले.

करणी सोपी आहे, पण वाटते तितकी नव्हे. आमचा पहिला पडदा फुकट गेला. पापुद्रा घट्ट डकविलेला असतो; एका कोपऱ्यात पातळ पाते घालून तो अगदी सावकाश, जवळजवळ काचेला समांतर ओढावा लागतो. पुतण्याने घाई केली, काच कोपऱ्यात तडकली, आणि शाई सांडावी तसा काळा डाग आत पसरत गेला. दुसऱ्या वेळी काच शाबूत राहिली, पण तीवर डिंकाचा थर उरला. तो साफ करण्यात संपूर्ण रविवार गेला. काचेच्या कडेने ज्या नाजूक पट्ट्या निघतात त्यांस धक्का लागला तर पडद्यावर उभ्या रेघा कायमच्या येतात. शिवाय फार जुन्या मॉनिटरांत दिव्याच्या बारीक नळ्या असतात. त्यांत पारा असतो व त्यांना शेकडो व्होल्टचा दाब लागतो. असा मॉनिटर कोणीही घरी उघडू नये. नवीन दिव्यांचा असला तरी वायर काढून एक दिवस तसाच राहू द्यावा, आणि आतल्या वीजपुरवठ्याच्या भागास हात लावू नये.

चष्म्याचा किस्सा निराळाच. पुतण्याने एका डोळ्याचा तुकडा बरोबर कापला व दुसरा चुकून आडवा फिरवून बसविला. पापुद्रा काटकोनात फिरला की चित्र उलटे होते, काळ्याचे पांढरे व पांढऱ्याचे काळे. मेहताजींस एका डोळ्याने पांढऱ्यावर काळी अक्षरे दिसत व दुसऱ्याने काळ्यावर पांढरी. बिचारे दोन दिवस डोके धरून बसले, पण मालकाच्या पुतण्यास नावे कशी ठेवावीत म्हणून बोलले नाहीत.

ही तिजोरी नव्हे, हेही सभासदांनी ध्यानात ठेवावे. उन्हात वापरावयाचे काही चष्मे याच जातीच्या पापुद्र्याचे असतात. तसा चष्मा घालून आलेल्या एका तरुण दलालास आमचा पडदा बहुतेक सरळ वाचता आला. दुसरा छेद तर आम्हांस स्वप्नातही सुचला नसता. मेजावर जाड काच होती. तीत तिरप्या नजरेने पाहिले की मॉनिटरच्या प्रतिबिंबात अक्षरे अंधुक, उलट्या रंगात, पण स्पष्ट ओळखू येत. काचेवरून तिरपा परावर्तित झालेला प्रकाश आपोआप एका दिशेचा होतो. मालुस नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८०८ साली पॅरिसमध्ये खिडकीच्या तावदानांवरून आलेला सूर्यप्रकाश एका स्फटिकातून पाहताना हीच गोष्ट ओळखली होती. आमच्या मेजावर ती एका हमालाच्या लक्षात आली. काच आम्ही काढून टाकली आहे.

बाजारात झापडीची तयार फिल्म मिळते, ती लावावी, असे काहींचे म्हणणे आहे. तिच्यात अतिसूक्ष्म उभ्या झापा असतात व बाजूने पाहणाऱ्यास पडदा काळा दिसतो. ज्यांच्याकडे गिऱ्हाईक बाजूस उभे राहते त्यांनी ती खुशाल घ्यावी. त्यात काचही फुटत नाही. आमच्या अरुंद पेढीत गिऱ्हाईक मेहताजींच्या थेट पाठीशी उभे राहते, व तेथून ती फिल्म काही लपवीत नाही.

येथपर्यंत सर्वांचे एकमत होईल. आमचा मतभेद पुढे आहे. हा पडदा पाहून आमच्या एका स्नेह्यांनी उत्साहाने सांगितले की आता भावही चष्म्याआड ठेवावेत. ज्यास जो भाव सांगावयाचा तो सांगावा. दुसऱ्या एकाने साठ्याविषयी तसेच सुचविले. आम्ही दोघांसही नम्रपणे नकार दिला. वडील मंडळी हत्ता पद्धतीच्या गोष्टी सांगत. दलाल व खरीददार रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत आणि ज्याचा माल, तो शेतकरी रुमालाकडे पाहत उभा राही. शेतमालाच्या बाजाराचा कायदा मुंबई इलाख्यात १९३९ साली झाला. सुरत जिल्हाही तेव्हा त्याच इलाख्यात होता. त्यानंतर हळूहळू उघड लिलाव आले, आणि व्यापार बुडाला नाही. जो रुमाल इतक्या कष्टाने उचलला तो आपण पापुद्र्याच्या रूपाने पुन्हा पसरावयाचा काय? साठ्याचे तर बोलूच नये. केंद्र सरकारने २०२३ च्या जूनमध्ये गव्हाच्या साठ्यावर मर्यादा घातली व साठा जाहीर करावयास सांगितला, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी कुरकुर केली, आम्हीही केली. परंतु कुरकुर करणे वेगळे आणि तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यास पांढरा पडदा दाखविणे वेगळे. ती कूटलेखक्रियेचीच धाकटी बहीण होय.

व्यापारात गुप्ततेस स्थान नाही, असे मात्र आम्ही म्हणत नाही. सतराव्या शतकात याच सुरतेत विरजी व्होरा नावाचे जैन श्रेष्ठी होऊन गेले. ते मिरीसारखा माल घाऊक उचलीत आणि इंग्रज वखारवाल्यांस त्यांच्याच दाराशी यावे लागे. कर्जही इंग्रज त्यांच्याकडूनच घेत. उद्या काय खरेदी करणार हे त्यांनी आदल्या दिवशी चौकात सांगितले असते, तर ते विरजी व्होरा झाले नसते. आपली खरेदी, आपला बेत, आपल्या आसामींची येणी-देणी ही झाकलेलीच बरी. तराजूचा काटा, विक्रीचा भाव व मालाची प्रत ही गिऱ्हाइकाकडे तोंड करून असावीत. कमीअधिक मापे आणि मालातील भेसळ यांस अचौर्यव्रताच्या अतिचारांत का घातले आहे, हे आपणांस नव्याने सांगावयास नको.

एक आक्षेप आम्हांस खरोखर विचारात पाडून गेला, व तो आमच्या घरातूनच आला. सौभाग्यवतींनी विचारले, "पडदा सगळ्यांना पांढरा, मग ज्याचं खातं आहे त्यालाही पांढराच ना? त्याच्या नावावर तुम्ही काय मांडलं, ते त्यानं कसं पाहावं?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. जुन्या काळी गिऱ्हाईक म्हणे, "मुनीमजी, माझं पान दाखवा," आणि चोपडी फिरवून त्याच्यापुढे धरली जाई. पांढऱ्या पडद्यापुढे उभा असलेला माणूस मेहताजींच्या शब्दावर विसंबलेला असतो, आणि मेहताजींवर नजर ठेवणारा मालकही.

तेव्हा पुतण्याकडून आणखी दोन चष्मे करवून घेतले. एक आमच्या गल्ल्यात असतो. दुसरा मेजाशेजारच्या खिळ्यावर दोरीने टांगलेला आहे, व ज्याचे खाते उघडले असेल त्याच्या हाती तो प्रथम दिला जातो. सुरुवातीस लोक हसत. आता काहीजण आपण होऊन मागतात. मागील महिन्यात एका भगिनींनी तो लावून आपले पान वाचले आणि आमच्या मेहताजींनी दोनदा नावे टाकलेली एक रक्कम दाखवून दिली. ती त्याच वेळी वजा केली. बारदानाच्या हिशोबाबद्दलही त्यांचा वाद आहे. त्यात त्या चुकत आहेत असे आम्हांस वाटते, पण तो अद्याप मिटलेला नाही.

फुटलेला पहिला मॉनिटर आम्ही भंगारवाल्यास न देता विजेच्या कचऱ्याचे काम करणाऱ्या अधिकृत माणसाकडे दिला. ज्या सभासदांस हा पडदा पहावयाचा असेल त्यांनी दुपारी चारनंतर, गाड्या उतरून झाल्यावर, पेढीवर यावे. करून हवा असल्यास मॉनिटर स्वतःचा आणावा, आणि तो फुटला तर पुतण्यावर रागावू नये.