त्या झोपेच्या गोळ्या नव्हेत!

या शनिवारी काहीतरी हलकंफुलकं लिहायचं ठरवलं होतं. पण गेले काही आठवडे एकच वाक्य डोक्यात अडकून बसलंय. ते बाहेर काढल्याशिवाय दुसरं काही सुचेल असं वाटत नाही. वाक्य असं:

"अंगावर पिणारं पोर हाय, आन् ही झोपेच्या गोळ्या खातीया!"

हे मी साताऱ्यात ऐकलंय, सांगलीत ऐकलंय. हिंजवडीत लंच टेबलवर तेच वाक्य शुद्ध मराठीत आणि जरा सभ्य शब्दांत ऐकलंय. बोलणारी माणसं वाईट नसतात हो. आज्या असतात, माम्या असतात, आणि कधी कधी एम. टेक. झालेला बाळाचा बापही असतो. सगळ्यांना बाळाची काळजी. बाळंतिणीची काळजी म्हणजे डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी. तिच्या डोक्यात काय चाललंय हे विचारायची रीतच नाही आपल्याकडे.

आधी थोडं साफ करून घेऊ, कारण लोक सगळं एकाच पोत्यात भरतात. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येणं, चिडचिड होणं, हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं आणि दोन आठवड्यांच्या आत आपोआप जातं. त्याला गोळी लागत नाही. पण दोन आठवडे उलटले तरी उदासी जात नाही, बाळ झोपलं तरी आईला झोप येत नाही, 'मी चांगली आई नाही' हे एकच चक्र चालू राहतं, तेव्हा तो आजार असतो: प्रसूतीनंतरचं नैराश्य. काहींना उदासी कमी आणि भीती जास्त असते. बाळ श्वास घेतंय ना, हे रात्रीत वीस वेळा उठून बघायचं. माझ्या हातून बाळ गच्चीवरून पडेल, म्हणून गच्चीवर जाणंच बंद. अशा विचारांनी ती स्वतःच हादरलेली असते आणि लाजेपोटी कुणाला सांगत नाही.

आणि तिसरा प्रकार वेगळाच. हजारात एक-दोन बायकांना बाळंतपणानंतर लवकरच, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, भास होतात, भ्रम होतात, वागणं एकदम बदलतं. तिथे थांबायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. 'बाहेरचं झालंय' म्हणून देवऋष्याकडे तर अजिबात न्यायचं नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं या राज्यात गुन्हा आहे. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला, तो २०१३ साली त्यांच्या खुनानंतर आला. निदान त्यांच्या गावात तरी ही गोष्ट पुन्हा सांगावी लागू नये.

आता दुसरं लाडकं वाक्य: "सव्वा महिना जाऊ दे, होईल बरं."

खरंच होतं का? आपल्या शेजारचाच, गोव्याचा अभ्यास बघा. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या एका जिल्हा रुग्णालयातल्या बायकांना गरोदरपणापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत तपासलं आणि २००२ साली निष्कर्ष छापले. सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होतं. म्हणजे जवळजवळ चौघींत एक. त्यातल्या निम्म्याहून जास्त सहा महिन्यांनीही आजारीच होत्या. सव्वा महिना गेला, बारसं झालं, उष्टावण जवळ आलं, आणि ती तिथेच. आणखी एक गोष्ट म्हणजे, त्यातल्या बहुतेकींना गरोदरपणातच त्रास सुरू झालेला होता. दिसत होतं सगळं. बघितलं कुणी नाही.

तर आता गोळ्यांकडे येऊ.

मुद्दा पहिला. नैराश्यावरची गोळी ही झोपेची गोळी नव्हे. आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञाने लिहिलेली प्रत्येक गोळी 'झोपेची' किंवा 'डोक्याची' ठरते, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी गुंगी येते, त्यांची सवय लागू शकते, आणि दूध पाजणाऱ्या आईला डॉक्टर त्या जपून, थोड्या दिवसांसाठी देतात. सर्ट्रालीनसारखी नैराश्यावरची गोळी हा वेगळा वर्ग आहे. तिचं व्यसन लागत नाही. मात्र तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, बरं वाटल्यावरही निदान सहा महिने ती चालू ठेवावी लागते, आणि बंद करताना डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू कमी करावी लागते. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून बंद, नाहीतर पंधरा दिवसांत "आता बरं वाटतंय की" म्हणून बंद.

मुद्दा दुसरा, दुधाचा. औषध दुधात उतरतं का? उतरतं. पण किती, हा प्रश्न कुणी विचारत नाही. आईच्या डोसच्या तुलनेत, वजनाच्या हिशोबाने बाळाला मिळणारा वाटा दहा टक्क्यांच्या खाली असेल तर तो सहसा चालण्यासारखा मानतात. सर्ट्रालीन त्याच्या बरंच खाली असतं, बाळाच्या रक्तात ते बऱ्याचदा मोजण्याइतकंही सापडत नाही. म्हणूनच दूध पाजणाऱ्या आईसाठी ते पहिल्या पसंतीच्या औषधांपैकी आहे. प्रत्येक औषधाचं असं नाही. लिथियमचा विचार वेगळा करावा लागतो, बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर वेगळा. पण तो हिशोब करायला डॉक्टर शिकलेले असतात. शेजारच्या काकू नाही.

मुद्दा तिसरा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. लोक तुलनाच चुकीची करतात. त्यांच्या डोक्यात एका बाजूला 'गोळी खाणारी आई' असते आणि दुसऱ्या बाजूला 'निरोगी आई'. अहो, ती दुसरी आई त्या घरात नाहीच! खरी तुलना आहे उपचार घेणारी आजारी आई आणि उपचार न घेणारी आजारी आई यांच्यात. उपचार नसलेला आजार म्हणजे धोका शून्य, असं नसतं. जेवण सुटतं, झोप सुटते, पाजणं सुटतं, बाळाशी बोलणं सुटतं. काही बायका जीव देतात. गोळीचे साइड इफेक्ट सगळ्यांना पाठ असतात, आजाराचे कुणी मोजत नाही.

माझ्या एका चुलत बहिणीचं सांगतो (तिला विचारूनच). सासर सांगलीकडे, माहेर साताऱ्याकडे. बाळ तीन आठवड्यांचं झालं तेव्हा तिला ती गच्चीची भीती सुरू झाली. डॉक्टरांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासलं. पूर्वी कधी झोपेशिवाय भलताच उत्साह, उधळपट्टी असं काही झालं होतं का, हेही विचारलं (हे विचारणं फार गरजेचं, कारण तसा इतिहास असेल तर औषधाचा मार्गच बदलतो). मग गोळी सुरू केली. दहा दिवसांनी माहेरी आली, तर औषधाच्या दुकानातल्या माणसाने काकूला सांगितलं, "ह्या डोक्याच्या गोळ्या, पाजताना देऊ नका." झालं. गोळी बंद. पुढचे दोन महिने त्या घराने काय काढले ते मी लिहीत नाही. पुन्हा सुरू केल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती फोनवर म्हणाली, "दादा, काल झोपले, आणि उठल्यावर भीती नव्हती रे." एवढंच.

आता कुणीतरी म्हणणारच, हा गोळ्यांचा प्रचारक दिसतोय. अजिबात नाही. आजार सौम्य असेल तर बोलण्याचे उपचार, घरच्यांचा हातभार आणि सलग चार तास झोप यांनी बरंच काम होतं. गोव्यातच, आणि पाकिस्तानात रावळपिंडीत, साध्या बायकांना शिकवून गरोदरपणापासून आयांशी बोलतं ठेवण्याचे प्रयोग झाले, आणि त्यांचा उपयोग झाला. दारूडा नवरा, मुलगी झाली म्हणून टोमणे, पैशाची ओढाताण, यांवर गोळी नाही. गोळी हा उपचाराचा एक भाग आहे. पण मध्यम किंवा तीव्र आजारात तो भागच काढून टाकायचा आणि "मन खंबीर कर" म्हणायचं, हे मोडलेल्या पायाला "चाल की" म्हणण्यासारखं आहे.

आणि सरकारला एक विचारायचंय. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताई नंतरच्या ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात, बाळाचं वजन करतात, ताप बघतात. त्याच भेटींत आईला दहा प्रश्न विचारायला काय हरकत आहे? एडिनबराची दहा प्रश्नांची यादी १९८७ पासून आहे. पाच मिनिटंही लागत नाहीत. मात्र विचारल्यावर पुढे पाठवायला माणूस हवा. सातारच्या आणि सांगलीच्या सिव्हिलपर्यंत पोचायला जत किंवा पाटणच्या आतल्या गावातून अर्धा दिवस जातो, ओली बाळंतीण तो कसा करणार?

शेवटचं, शनिवारी पुण्याहून निघून रविवारी रात्री परतणाऱ्या बाबांसाठी. तुम्ही येता तेव्हा ती न्हाऊन, आवरून बसलेली असते. "कशी आहेस?" "बरी आहे." झालं तुमचं. तसं नको. "रात्री बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का?" असं विचारा. डॉक्टरकडे सोबत जा. आणि घरात गोळीवरून कुरकुर झाली तर ती तिच्यावर सोडू नका. "गोळी चालू राहील, डॉक्टरांनी सांगेपर्यंत," हे वाक्य तुम्ही म्हणायचं, सगळ्यांसमोर, स्पष्ट. त्या घरात तुमचं ऐकतात. तिचं ऐकत असते, तर एवढं लिहायची वेळच आली नसती.

ता. क. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन: १४४१६. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. फ्रिजवर लावून ठेवा. आणि कुणाचीही गोळी हा लेख वाचून सुरू किंवा बंद करू नका, मी सॉफ्टवेअरवाला आहे, डॉक्टर नाही.