सजलेली खोली पाहावी, पण आपल्या मापाने

रविवारची दुपार, घरातली सगळी मंडळी तयार आणि गाडी निघते नव्या वसाहतीतला ‘सॅम्पल फ्लॅट’ पाहायला. जबलपूरसारख्या शहरात हा आता बऱ्याच कुटुंबांचा आवडता फेरफटका झाला आहे. घर घ्यायचे असो वा नसो, सजवलेल्या खोल्या पाहून चार नव्या कल्पना मिळतात. पडदे कसे लावले, दिवाणाखाली कप्पे कसे केले, छोट्या स्वयंपाकघरात सामान कसे बसवले, हे प्रत्यक्ष पाहण्यात जी मजा आहे ती छायाचित्रात नाही.

पण घरी परतल्यावर पुष्कळदा आपलेच घर डोळ्यांना खुपू लागते. कालपर्यंत चांगला वाटणारा सोफा जुनाट दिसतो. मग घाईघाईने खर्च होतो आणि सहा महिन्यांनी कळते, की तिथे शोभलेली वस्तू इथे अडचण झाली आहे. म्हणून सजलेली खोली कशी पाहावी, हेही शिकायला हवे.

प्रदर्शनातली खोली कशासाठी असते?

सजवलेल्या घरांची प्रदर्शने काही आजची नाहीत. लंडनमध्ये ‘आयडियल होम’ प्रदर्शन १९०८ साली सुरू झाले. आपल्याकडे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने १९३७ साली मुंबईच्या टाउन हॉलमध्ये त्याच नावाचे प्रदर्शन भरवले. नव्या पद्धतीचे घर कसे असावे, हे मध्यमवर्गीय कुटुंबांना दाखवण्याचा तो प्रयत्न होता. न्यूयॉर्कमध्ये १९७३ पासून किप्स बे या मुलांच्या संस्थेच्या मदतीसाठी असेच एक घर सजवले जाते. एकेक खोली एकेका सजावटकाराकडे सोपवली जाते आणि लोक तिकीट काढून ती पाहायला येतात.

या सर्व खोल्यांत एक गोष्ट समान आहे. तिथे कोणी राहत नाही. तिथे सकाळी डबे भरले जात नाहीत, ओले टॉवेल वाळत नाहीत, मुलांची दप्तरे कोपऱ्यात पडत नाहीत. सजावटकाराचे काम पाहणाऱ्याला क्षणभर थक्क करण्याचे असते. गृहिणीचे काम मात्र त्याच खोलीत वीस-पंचवीस वर्षे संसार चालवण्याचे असते. दोन्ही कामे वेगळी आहेत, हे ध्यानात ठेवून आत पाऊल टाकले, की फसगत होत नाही.

मोजपट्टी आणि वही सोबत हवी

समजा, जबलपूरच्या एखाद्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले गृहस्थ आयुष्यभर सरकारी क्वार्टरमध्ये राहिले आहेत. तिथे व्हरांडा होता, मागे अंगण होते. आता हाती आलेल्या फंडातून दोन बेडरूमचा फ्लॅट घ्यायचा आहे. सॅम्पल फ्लॅट पाहून सूनबाई खूश होतात. पण सासूबाई विचारतात, “अगं, गाद्या आणि रजया कुठे ठेवायच्या?” प्रश्न साधा आहे, पण त्या झगमगाटात नेमका तोच विचारायचा राहून जातो.

१० बाय ११ फुटांची बेडरूम घेऊ. साडेसहा फूट लांब आणि सहा फूट रुंद पलंग ठेवला, तर पायथ्याशी साडेतीन फूट आणि बाजूला पाच फूट जागा उरते. बाजूच्या भिंतीला दोन फूट खोलीचे कपाट आले, की उरले तीन फूट. त्यातच कपाटाचे दार उघडायचे आणि माणसानेही उभे राहायचे. नमुन्याच्या खोलीत पलंग पाच फूट रुंदीचा ठेवला आणि कपाट ठेवलेच नाही, तर तीच खोली प्रशस्त दिसते. कधी आतल्या खोल्यांची दारे काढून ठेवलेली असतात, कधी एक भिंत पूर्ण आरशाची असते.

म्हणून निघण्यापूर्वी घरातल्या मोठ्या वस्तूंची मापे वहीत लिहून घ्यावीत. पलंग, लोखंडी कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन, शिवणयंत्र, देवघर. तिथे पोचल्यावर मोजपट्टी लावून पाहावे. जेवणाच्या टेबलामागे खुर्ची सरकवायला निदान अडीच फूट जागा आहे का? ओट्याची उंची रोज उभे राहून काम करणाऱ्या बाईला सोयीची आहे का? आणि गणपती कुठे बसणार, हळदीकुंकवाला दहा-बारा बायका आल्या तर सतरंजी कुठे अंथरणार, हेही तिथेच उभे राहून ठरवावे.

जबलपूरची हवा विसरू नये

मुंबई-दिल्लीच्या सजावटकाराची कल्पना जबलपूरला जशीच्या तशी चालत नाही. इथे मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. पश्चिमेची मोठी काचेची खिडकी वातानुकूलित नमुना घरात सुरेख दिसते, घरी मात्र दुपारी चारनंतर तीच खोली भट्टी होते. अशा खिडकीला जाड, फिकट अस्तराचा पडदा किंवा बाहेरून खसाची ताटी उपयोगी पडते. कूलर कोणत्या खिडकीत बसणार आणि त्याची दमट हवा समोरून बाहेर कशी जाणार, हेही पाहावे. नाहीतर कूलर चालूनही खोली चिकट राहते.

मग येतो पावसाळा. भुसा दाबून केलेल्या स्वस्त पार्टिकल बोर्डाला पाणी लागले, की तो फुगतो. सिंकखालच्या कप्प्यांना ओलावा सोसणारा प्लायवूड बरा. बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल, तर तिथे वॉलपेपर लावू नये, कारण आत बुरशी धरते. भिंतीत पक्के बसवलेले फर्निचर करण्यापूर्वी वाळवीचा बंदोबस्त करून घ्यावा. आणि हिवाळ्यात रात्री थंडी चांगलीच बोचते, तेव्हा सासूबाईंचा रजयांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. माळा किंवा पलंगाखालचा कोरडा खण यांची सोय आधीच हवी.

एक गोष्ट जबलपूरकरांनी कधीच विसरू नये. २२ मे १९९७ च्या पहाटे इथे ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. तिसाहून अधिक माणसे दगावली, हजारो घरांना तडे गेले. लोक झोपेत असतानाच हे घडले. आज अनेक सजवलेल्या खोल्यांत पलंगाच्या डोक्याशी जड फळी, त्यावर दगडी मूर्ती, वर काचेची मोठी चौकट असते. दिसायला छान, पण झोपणाऱ्याच्या डोक्यावर जड वस्तू नकोच. उंच कपाटे आणि पुस्तकांचे रॅक भिंतीला लोखंडी पट्टी व स्क्रूने बांधून घ्यावेत. जड सामान खालच्या खणात, हलके वर. या कामाला खर्च थोडा येतो, सजावटही बिघडत नाही.

कल्पना घ्यावी, खोली नव्हे

मग तिथून घरी आणावे तरी काय? शोभेच्या वस्तूंपेक्षा युक्त्या आणाव्यात. रंग कुठे गडद आणि कुठे फिका ठेवला आहे, एका मोठ्या दिव्याऐवजी दोन-तीन छोटे दिवे कसे वापरले आहेत, दारामागची जागा कशी कामाला आणली आहे, हे टिपून घ्यावे. परवानगी घेऊन मोबाइलवर छायाचित्रे काढावीत. शक्य तर पिवळे दिवे बंद करायला सांगून दिवसाच्या उजेडात रंग पाहावा, कारण दिव्याखाली उबदार वाटणारा रंग उन्हात वेगळाच दिसतो. घरी रंग लावतानाही आधी भिंतीवर दोन फुटांचा चौकोन रंगवून दोन दिवस पाहावे, मगच डबे आणावेत.

शोभेसाठी लांब जायचीही गरज नाही. भेडाघाटला संगमरवराच्या आणि मऊ दगडाच्या कोरीव वस्तू मिळतात. शेजारच्या दिंडोरी जिल्ह्यातले पाटनगढ हे जनगढ सिंह श्याम यांचे गाव. त्यांच्यामुळे गोंड चित्रकला जगभर पोचली. ठिपक्या-रेघांनी भरलेले हरणाचे किंवा झाडाचे एक अस्सल गोंड चित्र साध्या पांढऱ्या भिंतीवर लावले, तर बाकी भिंत रिकामी ठेवली तरी चालते. पैसाही कलाकाराच्या घरी जातो.

घर घ्यायचेच असेल तर

नमुना पाहून फ्लॅट घेणाऱ्यांनी कायदाही जाणून घ्यावा. २०१६ च्या रेरा कायद्यात नमुना घराचा स्पष्ट उल्लेख आहे. जाहिरातीतल्या किंवा नमुना घरातल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचे नुकसान झाले, तर बिल्डरने भरपाई द्यायची असते. ग्राहकाला व्यवहारातून बाहेर पडायचे असेल, तर भरलेली रक्कम व्याजासह परत मागता येते. लेखी करार नोंदवण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. मध्य प्रदेशात याची तक्रार भोपाळच्या रेरा प्राधिकरणाकडे करता येते.

मात्र तक्रारीला पुरावा लागतो. तेव्हा माहितीपत्रक जपून ठेवावे. दाखवलेल्यांपैकी फरशी, नळ, कपाटे आणि दिवे यांतले काय खरोखर मिळणार, याची यादी करारात लिहून घ्यावी. चटईक्षेत्र, म्हणजेच कार्पेट एरिया, किती हे विचारावे. त्यात बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत, आतल्या भिंती मात्र धरतात. आणि पहिल्याच भेटीत टोकनचे पैसे देऊ नयेत. दुसऱ्यांदा जावे, तेही भर दुपारी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन. आयुष्यभराची पुंजी लावायची, तर एका रविवारऐवजी दोन रविवार खर्च झाले म्हणून काही बिघडत नाही.